जुन्या मोटारगाडीच्या प्रोपेलर शाफ्टची कंपने : निदान व उपाय

ध्वनिविचाराच्या अभ्यासकाने मोटारगाडीच्या कंपनांविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु विषयाच्या थोडे आत शिरले असता असे दिसून येते की, गाडी अमुक वेगाला का थरथरते हे शोधण्याची रीत आणि एखाद्या भाषेतील स्वनिम निश्चित करण्याची रीत या दोहोंत तत्त्वतः फारसे अंतर नाही. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या जोडीत बाकी सर्व समान राखून केवळ एकच घटक बदलतो, आणि म्हणूनच अल्पप्राण-महाप्राण हा भेद मराठीत सार्थ आहे असे आपण ठामपणे म्हणू शकतो. गाडीच्या बाबतीतही हेच करावयाचे असते. मात्र बहुधा ते केले जात नाही. टायर बदलले जातात, इंजिनाखालचे रबर बदलले जातात, आणि खर्चाच्या पावत्या जमूनही कंप कायम राहतो.

उदाहरणासाठी अ‍ॅम्बॅसडर ही गाडी घेऊ. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले तरी हौसेने सांभाळलेल्या गाड्या अद्याप पुष्कळ आहेत, आणि तिची रचना या विवेचनास सोयीची आहे. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, व मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारा पोकळ नळीचा प्रोपेलर शाफ्ट. शाफ्टच्या दोन्ही टोकांस एकेक युनिव्हर्सल जॉइंट असतो; गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, आणि त्याचा आकार पाहता हे नाव समर्पकच आहे. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर बसविलेला असल्यामुळे खड्ड्यागणिक वरखाली होतो, म्हणून शाफ्टला कोन बदलण्याची मोकळीक द्यावी लागते. ती हे क्रॉस देतात.

आता थोडे गणित करणे अपरिहार्य आहे. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर जात आहे असे समजू. १५ इंची चाकाच्या टायरचा परीघ ढोबळमानाने २ मीटर धरला, तर चाक सेकंदाला १० फेरे करते. डिफरन्शियलचे गुणोत्तर हिशेबापुरते ४.५ मानले, तर शाफ्ट सेकंदाला ४५ फेरे करतो. आणि टॉप गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट एकाच गतीने फिरत असल्यामुळे इंजिनाचेही फेरे ४५ च होतात, म्हणजे मिनिटाला २७००. (आपल्या गाडीचे खरे गुणोत्तर काढणे सोपे आहे. पुढच्या चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, मागचे एक चाक जमिनीवर राहू द्यावे आणि दुसरे उचलून बरोबर दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तितके गुणोत्तर.)

यावरून तीन संख्या हाती येतात : १०, ४५ आणि ९०. चाक असंतुलित असेल तर सेकंदाला १० हादरे बसतात. ते कानास ऐकू येत नाहीत, कारण मानवी श्रवणाची खालची मर्यादा सुमारे २० कंपनांची आहे. ते पुढच्या चाकाचे असतील तर स्टिअरिंगला व मागच्याचे असतील तर बैठकीला जाणवतात. शाफ्ट असंतुलित असेल तर ४५ कंपने होतात. ती ऐकू येण्यापेक्षा पायाखालच्या पत्र्यात बारीक थरथरीच्या रूपाने अधिक कळतात. ९० कंपने मात्र स्पष्ट ऐकू येतात. पुरुषाच्या खर्जातील आवाजाची कंप्रता याच्याच आसपास असते, म्हणूनच लोक ‘गाडी घुमते’ असे म्हणतात.

ही ९० ची संख्या कोठून येते, हे समजून घेतल्याखेरीज दुरुस्ती अंधारातली ठरते. क्रॉसचा एक स्वभावदोष आहे. तो कोनात फिरत असता, आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा घटते. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने अभ्यासिलेल्या या जोडाचे गणित आता पूर्णपणे ज्ञात आहे : बाहेरची गती आतल्या गतीच्या कोज्यापटीपासून तिच्या व्यस्तापर्यंत हेलकावते. कोन १० अंश असेल तर ४५ फेऱ्यांची गती ४४.३ ते ४५.७ यांच्या दरम्यान झुलत राहते. कोन दुप्पट झाला की हा चढउतार जवळजवळ चौपट होतो, आणि वेग वाढल्यास त्यातून निर्माण होणारे झटके वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. यावर उपाय म्हणजे दुसरा क्रॉस. पुढच्या क्रॉसने केलेली चढउतार मागचा क्रॉस नेमकी रद्द करतो. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. दोन्हीकडचे कोन समान असले पाहिजेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच प्रतलात असले पाहिजेत. यातील एक अट जरी मोडली तरी गाडी घुमू लागते.

गोंधळ असा की, चार सिलिंडरच्या चतुष्क्रम इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे ४५ फेऱ्यांना पुन्हा ९० च! टॉप गिअरमध्ये इंजिनाचा घुमारा आणि क्रॉसचा घुमारा कानाने वेगळे करता येत नाहीत. दोन घटक नेहमी एकत्रच येत असतील तर त्यांपैकी अर्थभेदक कोणता हे ठरविता येत नाही, ही भाषाभ्यासकाची अडचण येथे जशीच्या तशी उभी राहते. उपायही तोच : ज्या परिसरात ते एकमेकांपासून सुटतात असा परिसर शोधणे.

तो सहज सापडतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर कंप जाणवणाऱ्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी. इंजिन बंद मात्र कदापि करू नये. इंजिन मंद झाले तरी शाफ्ट व चाके पूर्ववत फिरत असतात. कंप तसाच राहिला तर इंजिन निर्दोष ठरले. तो गेला तर दोन शक्यता उरतात : दोष इंजिनाचा आहे, किंवा शाफ्टवर भार असतानाच तो प्रकटतो. या दोहोंचा निवाडा उभ्या गाडीत इंजिन २७०० फेऱ्यांवर नेऊन करता येतो. तिसऱ्या गिअरमध्ये तोच वेग गाठूनही इंजिन वेगळे पाडता येते, पण जुने इंजिन फार धावते म्हणून हा प्रयोग क्षणभरच करावा. आणखी एक जोडी महत्त्वाची आहे : एकाच वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबून आणि मग सोडून. भाराबरोबर बदलणारा बारीक ‘कुंई’ आवाज डिफरन्शियलच्या दात्यांचा किंवा पिनियन बेअरिंगचा समजावा. वळण घेताना डावीउजवीकडे कमीजास्त होणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची.

गाडीवाल्यांचे शब्द या कामी किती उपयोगी पडतात? थरथर, घरघर, गुरगुर, खडखड अशी अनुकरणवाचक शब्दांची श्रीमंती मराठीत आहे, आणि तिचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु एकाची घरघर ती दुसऱ्याची गुरगुर असते. त्यामुळे मिस्त्रीने शब्द ऐकावा, पण विश्वास वेग, गिअर आणि भार या तीन उत्तरांवर ठेवावा. अपवाद दोनच. गाडी सुटताना किंवा पाय उचलताना येणारा एकच ‘ठक्’ आणि मंद गतीत येणारी चिमणीसारखी ‘चिवचिव’ ही दोन्ही वर्णने बहुतेक वेळा झिजलेल्या अथवा कोरड्या क्रॉसकडेच बोट दाखवितात. टोपीभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली की शंका उरत नाही. अशा क्रॉसला केवळ ग्रीस पाजून वेळ मारून नेऊ नये, तो बदलावा. पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडून रुतू शकते, आणि त्याचे परिणाम भयंकर होतात.

हल्ली मोबाइलमधील कंपमापकाने कंप्रता मोजण्याची सोय झाली आहे. ती स्वागतार्ह आहे, पण तिच्यात एक फसगत दडलेली आहे. मापक सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० च्या वरची कंपने तो खरेपणाने दाखवू शकत नाही. योग्य गाळणी नसल्यास ९० चे कंपन आलेखात १० चे म्हणून उमटते. म्हणजे क्रॉसचा दोष नेमका चाकाच्या नावावर चढतो! आवाज ध्वनिमुद्रित करून ‘प्राट’सारख्या आपल्या नित्याच्या साधनात वर्णपट पाहणे अधिक भरवशाचे, कारण तेथे नमुन्यांची संख्या हजारोंत असते. मोबाइलचे ध्वनिग्राहक खालच्या कंप्रता दुबळ्या करतात, पण ९० ची रेषा सहसा दिसते.

आता दुरुस्ती. ४५ चे कंपन असेल तर प्रथम शाफ्ट पुसून स्वच्छ करावा. चिकटलेला चिखल किंवा डांबरी लेपही पुरेसा होतो. १० ग्रॅम जादा वजन ३५ मिलिमीटर त्रिज्येवर असेल तर ४५ फेऱ्यांना सुमारे २८ न्यूटन बल निर्माण होते, म्हणजे जवळजवळ तीन किलोंचा भार सतत दिशा बदलत ओढत असतो. निम्म्या वेगाला तेच बल चौथाईवर येते. आमच्या परिचयातील एका गाडीचे टायर दोनदा बॅलन्स करून झाले होते. अखेर शाफ्टवर वेल्डिंगचा एक रिकामा ठिपका आढळला, तेथले संतुलनाचे वजन गळून गेले होते. पोचा किंवा बाक आहे का हे डायल गेजने पाहावे. अर्ध्या मिलिमीटरपुढे फरक असल्यास शंका घ्यावी. खराद्याकडे बॅलन्सिंगची सोय नसेल तर रबरी नळीचे दोन पट्टे शाफ्टवर मागच्या बाजूस, त्यांचे स्क्रू एकत्र आणून, आवळावेत व थोडेथोडे फिरवून प्रत्येक वेळी गाडी चालवून पाहावी. सर्वांत शांत जागा सापडली की दोन्ही स्क्रू तेथून समान अंतराने फाकवीत न्यावेत.

९० चे असेल तर कोन मोजावेत. गाडी उचलताना आधार अ‍ॅक्सलखाली द्यावा. तो लोंबता ठेवला तर मोजलेले कोन खोटे ठरतात. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पिनियन यांचे कल घ्यावेत. दोन्ही क्रॉसचे कोन एकमेकांच्या अर्ध्याएक अंशाच्या आत व शक्यतो तीन अंशांखाली असावेत. कोन अगदी शून्य असणेही बरे नव्हे, कारण मग बेअरिंगच्या सुया जागीच राहून खोबणी पाडतात. तेलाने फुगलेले गिअरबॉक्सचे रबर आणि बसलेले पाटे हीच फरकाची नेहमीची कारणे. ती दूर केल्यावरही अंतर उरले तरच पाटे व अ‍ॅक्सल यांमध्ये पाचर घालावी. ज्या शाफ्टच्या अंगावरच सरकता जोड असतो, तेथे तो एखादा दाता चुकवून बसविलेला नाही ना, हे आधी पाहावे. क्लचच्या कामासाठी शाफ्ट उतरविल्यानंतर गाडी घुमू लागली असेल तर हेच कारण बहुधा निघते, आणि म्हणून शाफ्ट सोडण्यापूर्वी योक, फ्लॅन्ज व सरकता जोड यांवर रंगाची खूण करून ठेवावी.