'ढाराढूर झोपलाय' म्हणण्याआधी

भांडगावावरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. रात्री कडेला उभ्या ट्रकच्या केबिनमधून घोरण्याचा आवाज आला की आपण म्हणतो, 'दमलाय बिचारा, ढाराढूर झोपलाय.' घरच्या माणसाबद्दलही तेच. मला या कौतुकाचीच भीती वाटते.

गैरसमज : घोरतो म्हणजे छान झोप लागली.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ आणि मऊ टाळू मागे ढळून श्वासाची वाटच बुजवतात. छाती-पोट हलत राहतं, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास थांबणं किंवा उथळ होणं दहा सेकंद टिकलं, तर तो एक अडथळा मोजला जातो. असं तासाला 30 किंवा जास्त वेळा होत असेल, तर झोपेत श्वास अडण्याचा हा आजार तीव्र. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांना एकदा! अशा माणसाचा स्टिअरिंगवर डोळा लागतो, तो आळसानं नव्हे.

घोरणं मध्येच थांबतं आणि मग माणूस घुसमटून दचकतो, हे बायकोनं पाहिलेलं असतं. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत न्यावंच.

गैरसमज : हा लठ्ठ माणसांचाच आजार.

वजन मोठं कारण आहे, एकमेव नाही. जाड मान, मागे गेलेली हनुवटी, वाढलेले टॉन्सिल यांनीही वाट अरुंद होते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. 2004 मध्ये त्यांनी मांडलेला अंदाज असा : 19.5 टक्क्यांचा श्वास झोपेत अडतो, आणि 7.5 टक्क्यांना त्यासोबत दिवसाही झोप अनावर होते. हे शहरातले पुरुष होते, आणि स्वतःला धडधाकट समजणारे.

गैरसमज : थोडी घेतली की झोप लागते.

दारूनं स्नायू आणखी सैल पडतात. अडथळे वाढतात.

गैरसमज : सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन, एकदा लावलं की सवय लागते.

सीपॅप हे या आजारावर झोपताना मास्कनं लावायचं यंत्र. त्यात साधी हवाच असते, फक्त दाबानं सोडलेली. हवा भरलेली ट्यूब चपटत नाही, तसा घसा मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी तीव्र रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडावं लागे. मशीन काढलं की त्रास परततो, कारण घसा तोच असतो. त्याला व्यसन म्हणू नये.

पण सीपॅप लावला की हृदयविकार टळलाच, असंही नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच असलेल्या 2,717 रुग्णांच्या 2016 च्या 'सेव्ह' चाचणीत नवे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची झोप मात्र घटली. रुग्णांनी मास्क रात्री सरासरी 3.3 तासच लावला होता, हेही ध्यानात घ्यावं.

2024 मध्ये टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनच्या या आजारावरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. वर्षभरात तासाला सरासरी 25 ते 29 अडथळे कमी झाले. रुग्ण सगळे लठ्ठ होते. सडपातळ माणसानं त्यावर आशा ठेवू नये.

झोपेतले हे अडथळे मोजणाऱ्या तपासणीचं छोटं यंत्र आता घरी झोपतानाही लावता येतं. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत, ज्याला बसल्याजागी डुलकी येते त्यानं रात्री उसाचा ट्रॅक्टर हाकू नये, आणि मालकानंही त्याच्या हाती किल्ली देऊ नये.