मांडवीहून धामापूरला: छोट्या गाडीतला मुक्काम

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीजवळ गाडी लावून सूर्यास्त बघण्यासारखे सुख नाही. पण गाडीतच रात्र काढायची तर ही जागा नव्हे. खारा वारा पत्रा खातो आणि पुळणीत चाक रुतले तर भरती वाट बघत नाही. गाडीतल्या मुक्कामाला गोड्या पाण्याचा शेजार हवा. त्यासाठी रत्नागिरीकराने पवना किंवा भंडारदऱ्यापर्यंत धावायचे कारण नाही. हातखंब्याला महामार्ग धरून कुडाळ गाठावे आणि तिथून मालवणच्या वाटेवर धामापूरला जावे.

पाणी कोणाचे?

धामापूरचा तलाव १५३० सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधून घेतला. काठावर भगवतीचे देऊळ आहे, भोवती झाडीचे डोंगर आहेत आणि माडापोफळीच्या बागा याच पाण्यावर उभ्या आहेत. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. जवळजवळ पाच शतके गावाने सांभाळलेले हे पाणी आहे. म्हणून माझे ठाम मत असे, की गाडी काठाला लावूच नये. बांधावर तर नाहीच नाही.

उजेड असतानाच गावात पोहोचावे. ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या घरी जाऊन सरळ विचारावे, ‘काका, रात्रीपुरती खळ्यात गाडी लावू का?’ पैशांचे आधीच बोलून घ्यावे. रात्री-अपरात्री शौचालयाची सोय होते, विहिरीचे पाणी मिळते, शिवाय कुठल्या बाजूला जाऊ नये हेही घरचेच सांगतात. तलावापर्यंत चालत जावे.

गाडी

कोकणातले आतले रस्ते दोन गडग्यांमधून जातात. समोरून एसटी आली की मोठ्या कॅराव्हॅनला मागे घेण्याशिवाय गत्यंतर नसते. ओम्नी किंवा ईकोएवढी व्हॅन इथे पुरते. आसने आडवी पाडून वर सुटी फळी आणि गादी टाकली की दोघांची पथारी होते. छप्पर उंचावणे किंवा आसने कायमची काढणे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येते. आरटीओची परवानगी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. भाड्याची कॅराव्हॅन घेणाऱ्याने ती पर्यटन खात्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन धोरणाखाली नोंदवलेली आहे का, ते पाहावे.

उभी करताना कातळ किंवा चोपलेली जमीन शोधावी. वरून सुकी दिसणारी लाल माती खाली ओली असते.

वीज आणि चूल

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १२०० वॉट-तास वीज मावते. ती शिशाची असेल तर निम्मीच वापरावी. २० वॉटचा पंखा आठ तास चालला तर १६० वॉट-तास जातात. म्हणजे पंखा, दिवा आणि फोन दोन रात्री आरामात चालतात. फ्रीजचा मोह सोडावा.

पाच किलोचा सिलिंडर आणि एक शेगडी पुरे. स्वयंपाक गाडीबाहेरच करावा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन झोपणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवून जाळी लावावी.

रात्र

कोकणात फुरसे आहे. ते लहान असते, मातीच्या रंगाचे असते आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. चपला गाडीखाली ठेवू नयेत. बूट झटकून घालावेत आणि लघवीला उतरतानाही विजेरी घ्यावी. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा जंतू जखमेतून शिरतो. अनोळखी पाण्यात पोहणेही टाळावे. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात हा बेत करूच नये. सकाळी भांडी तलावात विसळू नयेत. खरकटे पाणी यजमानांना विचारून माडाच्या आळ्यात ओतावे, आणि प्लास्टिकचा कचरा पिशवीत बांधून आपल्याबरोबर रत्नागिरीला परत आणावे.