सीता अशोकाची गुटी कलमे

चरकाचार्यांनी वेदनास्थापन महाकषायात ज्या दहा द्रव्यांची गणना केली आहे, त्यांत अशोकाचा समावेश आहे. असृग्दरात वापरले जाणारे भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्ट तर प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहे. प्रयोज्य अंग त्वचा असल्याने मागणीचा सर्व भार वृक्षाच्या खोडावर येतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ साली सीता अशोकाची नोंद ‘असुरक्षित’ वर्गात केली. दुसरीकडे, रस्त्याकडेला सरळ उंच वाढणाऱ्या आसुपालवाची साल अशोकत्वचा म्हणून विकली जाते. अशा वेळी खात्रीच्या वृक्षापासून आपणच रोपे तयार करणे हा एक व्यवहार्य उपाय आहे.

अशोकाचे बी फार काळ उगवणक्षम राहत नाही. गुटी कलमाने मात्र मातृवृक्षाचीच प्रतिकृती मिळते. म्हणून प्रथम वृक्षाची ओळख पक्की करावी. सीता अशोकाचे पान संयुक्त असते व नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ फांदीवर येतात. आसुपालवाचे पान साधे, लांबट व नागमोडी कडांचे असते.

संपूर्ण खोडाभोवतीची साल काढली की पानांत तयार झालेले अन्न मुळांना पोहोचत नाही आणि कालांतराने वृक्ष मरतो. गुटीमध्ये हीच क्रिया एका लहान फांदीवर करतात. आतील काष्ठातून पाणी वर चढतच राहते. वरून येणारे अन्न व संजीवके मात्र कापाच्या वरच्या कडेशी साठतात. तेथे ओलावा व अंधार मिळाला की मुळ्या फुटतात.

पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, निरोगी व पक्व फांदी निवडावी. शेंड्यापासून सुमारे ३० ते ४५ सें.मी. अंतरावर, डोळ्याच्या लगत खाली, २ ते २.५ सें.मी. रुंदीची साल वर्तुळाकार काढावी. काष्ठावरील बुळबुळीत थर पुसून टाकावा. तो राहिल्यास साल पुन्हा जुळते आणि मुळ्या येत नाहीत. वरच्या कडेस इंडोल ब्युटिरिक आम्लयुक्त संजीवक लावावे. भिजवून पिळलेले मॉस भोवती बसवून पारदर्शक प्लॅस्टिकने गुंडाळावे व दोन्ही टोके घट्ट बांधावीत. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात वरच्या टोकाची विशेष काळजी घ्यावी. पाणी आत शिरल्यास गुटी कुजते.

साधारण दोन ते तीन महिन्यांत मुळ्या प्लॅस्टिकमधून दिसू लागतात. त्या पांढऱ्याच्या तपकिरी झाल्यावर गुटीखाली प्रथम अर्धवट काप द्यावा आणि आठ-दहा दिवसांनी फांदी वेगळी करावी. काही पाने कमी करून, प्लॅस्टिक काढून, मॉस न विस्कटता कलम पिशवीत लावावे व सावलीत ठेवावे.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. गुटीच्या झाडास सोटमूळ नसते. म्हणून सुरुवातीस आधाराची काठी द्यावी. एकाच वृक्षाची सर्व कलमे एकसारखी असल्याने एखादा रोग सर्वांवर सारखाच पसरू शकतो. यास्तव अनेक मातृवृक्ष निवडावेत व बियांची रोपेही लावावीत.

आज बांधलेल्या गुटीपासून पुढील हंगामातच साल मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. त्यास अनेक वर्षे लागतील. तथापि आपल्या आवारातील वृक्षाची ओळख आपणास निश्चित ठाऊक असते. बाजारातील पोत्याविषयी तसे सांगता येत नाही. प्रत्येक औषधालयाने येत्या पावसाळ्यात निदान दहा गुट्या बांधाव्यात, ही विनंती.