अकरा वर्षं बंद पडलेला गार्डन ट्रॅक्टर: घरच्या गॅरेजमध्ये तो पुन्हा चालू कसा केला

बसमध्ये किंवा ऑफिसात हळूच वाचणाऱ्यांसाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे 'म्हणजे काय तर' दहा वेळा आलं होतं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आज कोड नाही, एआय नाही. आज विषय आहे १९६६ सालचा एक पिवळा-पांढरा छोटा ट्रॅक्टर.

आधी थोडी ओळख. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, पलूसकडचा. बी.टेक. पुण्यात केलं आणि आता नोकरीसाठी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे घरांभोवती गवताची मोठी आवारं असतात आणि हिवाळ्यात दारात गुडघाभर बर्फ. त्यामुळे १९६० च्या दशकात इथे 'गार्डन ट्रॅक्टर' नावाचा प्रकार खूप चालला. शेतातल्या ट्रॅक्टरचं धाकटं भावंडच म्हणा. पुढे बर्फ ढकलायचं पातं, पोटाखाली गवत कापायचं यंत्र, मागे छोटा नांगर. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मोठे ट्रॅक्टर बनवणारी कंपनी. तिने याच काळात 'कब कॅडेट' बाजारात आणला. पुढे १९८१ मध्ये ही शाखा विकली गेली, पण त्या काळातली यंत्रं आजही लोकांच्या शेडमध्ये सापडतात.

माझ्या शेजारच्या आजोबांकडे असाच एक होता. कब कॅडेट १०२. तीस-एक वर्षं त्यांनी त्याच्यावर अख्ख्या गल्लीतला बर्फ काढला. मग गुडघे गेले आणि ट्रॅक्टर शेडमध्ये अकरा वर्षं उभा राहिला. गेल्या वर्षी ते वृद्धाश्रमात राहायला गेले. आजी म्हणाल्या, "भंगारवाला उद्या येतोय. तुला हवा असेल तर आजच ने." मी नेला. आजोबांना निरोप पाठवला की हिवाळ्याआधी याचा आवाज तुम्हाला ऐकवतो. बोलून तर गेलो!

पहिल्याच संध्याकाळी केलेला गाढवपणा

मी इंजिनिअर खरा, पण सॉफ्टवेअरचा. मला वाटलं, नवीन बॅटरी लावू, पेट्रोल ओतू, बघू काय होतंय. गॅरेजचं दार अर्धं बंद होतं. स्टार्टर दाबला. पेट्रोलची रबरी नळी जुनी, चिरलेली होती. त्यातून पेट्रोल खाली गळत होतं, ते मला दिसलंच नाही. बॅटरीच्या ढिल्या वायरीवर ठिणगी उडाली आणि भप्पकन जाळ झाला.

नशीब, गोधडी जवळ होती. जाळ विझला. हातावरचे केस जळाले, बाकी काही नाही. रात्री व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितलं. माझे वडील आयुष्यभर लेथवर काम केलेले टर्नर. ते एवढंच म्हणाले, "आरं, त्या मशीनीला अकरा वर्षं घाई न्हवती, तुला पंधरा मिनिटं दम निघंना व्हय?"

म्हणून पहिली पायरी ही. बॅटरीची वायर काढलेली, प्लगची कॅप काढलेली, अग्निशामक सिलिंडर हाताशी. आणि इंजिन चालवायचं ते बाहेर, मोकळ्यावर. बंद गॅरेजमध्ये इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

आधी निदान, मग पाना

आपण कोड डीबग करताना काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तेच. पेट्रोल इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात: दाब, ठिणगी आणि इंधन. या क्रमाने तपासा. दाब नसेल तर कार्बोरेटर कितीही साफ केला तरी उपयोग नाही.

या ट्रॅक्टरमध्ये कोहलर कंपनीचं के-२४१ इंजिन आहे. एकच सिलिंडर, १० हॉर्सपॉवर, सुमारे ३९० सीसी. म्हणजे बुलेट ३५० पेक्षा थोडं मोठं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, बाजूला ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढले की पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही समोर. शिकायला याच्याइतकं सोपं इंजिन मिळणं कठीण.

१. फिरतंय का?

आधी डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर समजा की कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली उतरलंय. ते पातळ ऑइल काढून टाका आणि नवं भरा. मग प्लग काढा, भोकातून चमचाभर ऑइल सोडा, फ्लायव्हील हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही. गंज सोडवणारं तेल टाकून एक-दोन दिवस थांबायचं. माझं दुसऱ्या दिवशी सुटलं.

२. दाब आहे का?

इथे एक फसगत आहे. कॉम्प्रेशन गेज लावला आणि आकडा इतका कमी आला की वाटलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. पण या मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांत एक सोय असते. स्टार्ट करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडा राहतो, म्हणजे इंजिन फिरवायला हलकं जातं. वेग वाढला की तो आपोआप नीट बंद व्हायला लागतो. त्यामुळे गेजचा आकडा इथे खोटं बोलतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन अगदी वर आणून, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. फ्लायव्हील मात्र पक्कं अडकवा, नाहीतर हवेच्या जोराने ते फिरतं. कार्बोरेटरमधून फुस्स आलं तर इनटेक व्हॉल्व्ह गळतोय. सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या जागेतून आलं तर रिंगा. ही पद्धत मला फार आवडली, कारण यंत्र स्वतःच लॉग वाचून दाखवतं!

माझा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता. हेड काढलं, कार्बन खरवडला, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवला. नवी पॅकिंग टाकली आणि बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळले. एकदम आवळले तर हेड वाकतं.

३. ठिणगी आहे का?

गावाकडे जुन्या राजदूत, स्कूटरवाल्यांना सीबी पॉइंट माहीत असतील. तेच इथे. कॉइलमधून बॅटरीचा करंट वाहतो. कॅमवरची एक छोटी दांडी योग्य क्षणी पॉइंट उघडते, करंट तुटतो, आणि त्या तुटण्यामुळे कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते.

वर्षानुवर्षं पडून राहिलं की पॉइंटवर बारीक थर चढतो आणि करंट जातच नाही. अनेक 'मेलेली' इंजिनं खरं तर एवढ्यासाठीच बंद असतात. या इंजिनात पॉइंट बाहेर, एका छोट्या झाकणाखाली आहेत, फ्लायव्हील काढावं लागत नाही. बारीक पॉलिश पेपरने घासा, मग स्वच्छ कागद मध्ये धरून ओढा म्हणजे कचरा निघेल. फिलर गेजने फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवा. मला ठिणगी दिसली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. सांगलीत सकाळ होती. अण्णांना कॅमेरा दाखवला तर ते म्हणाले, "निळी हाय नव्हं? मग झालं."

४. इंधन पोचतंय का?

जुनं पेट्रोल वाळून चिकट लाखेसारखं होतं आणि जेटची भोकं बुजवतं. शिवाय आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. ते ओल धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे नळ्या नव्याच टाका, हे मी पोळलेल्या हाताने सांगतोय. कार्बोरेटर उघडण्याआधी मिक्श्चरचा स्क्रू किती आटे बाहेर होता ते मोजून लिहून ठेवा. जेटमध्ये लोखंडी तार घालू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवा पुरते.

चालू करण्याआधी दोन गोष्टी

पहिली, गव्हर्नर. हा इंजिनाचा वेग आवाक्यात ठेवतो. याचं काम ३६०० फेऱ्यांपर्यंतचं. त्याची स्प्रिंग किंवा दांडी चुकीच्या भोकात बसली तर इंजिन बेफाम पळतं. या इंजिनातला कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आहे आणि ऑइल पंप नाही. रॉडच्या टोकाचा छोटा चमचाच ऑइल उडवतो. ऑइल कमी किंवा वेग जास्त, की रॉड तुटून ब्लॉक फोडतो. मग मात्र खरंच भंगार. म्हणून दांड्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक बाजूने. नट-बोल्ट वेगळ्या पिशव्यांत, वर नाव लिहून.

दुसरी, बंद कसं करणार ते आधी ठरवा. किल्लीने बंद झालं नाही तर? चोक पूर्ण ओढून हवा तोडायची. गिअर न्यूट्रलला, चाकांना अडण, गवत कापायचं पातं सुटं केलेलं.

रंगाचं काय?

सगळे विचारतात, नवा रंग दिलास का? नाही. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, ते सुकं घासून श्वासात घ्यायचं नाही. जुन्या क्लच-ब्रेकच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, तीही हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पण खरं कारण वेगळं आहे. सीटच्या डाव्या बाजूचा रंग आजोबांच्या हाताने घासून गेलाय. तो मी कशाने परत आणू?

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला आणि वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये नेला. आजोबा व्हीलचेअरवर, अंगावर दोन शाली. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. मी खूश होऊन त्यांच्याकडे बघतोय, तर ते कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. इंजिनाचा आवाज वर-खाली, वर-खाली होत होता. मला वाटलं थंडीमुळे असेल.

त्यांनी हात पुढे केला, मी स्क्रू ड्रायव्हर दिला. व्हीलचेअर जवळ नेली. त्यांनी मिक्श्चरचा स्क्रू जेमतेम पाव आटा फिरवला. आवाज एकदम सरळ झाला. पेट्रोल कमी आणि हवा जास्त होत होती, म्हणून गव्हर्नर सारखा धडपडत होता. पुस्तकात हे मी वाचलं होतं, कानाला मात्र कळलं नव्हतं.

मग ते म्हणाले, मागच्या गिअरपेटीतलं तेल बघितलंस का? मी नव्हतं बघितलं. घरी येऊन प्लग काढला तर तेल दुधासारखं पांढरं, म्हणजे आत पाणी गेलेलं. तसंच थंडीत चालवलं असतं तर बेअरिंग गेली असती. तेल बदललं. पहिला बर्फ पडला तेव्हा आधी आजींचं दार मोकळं केलं.

तुमच्याकडे ट्रॅक्टर नसेल. पण गोठ्यात एखादं पाण्याचं इंजिन, जिन्याखाली एखादी लूना किंवा स्कूटर नक्की असेल. पेट्रोलवर असेल तर क्रम हाच: फिरतंय का, दाब, ठिणगी, इंधन. डिझेल असेल तर ठिणगी वगळा. आणि ती ज्यांनी चालवली ती माणसं घरात असतील तर पाना हातात घेण्याआधी त्यांच्याशेजारी जाऊन बसा. त्यांना आवाजावरून जे कळतं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

तुमच्या बंद पडलेल्या यंत्राची व्हॉइस नोट पाठवा, आवाजासकट. अण्णांना ऐकवतो. भेटू पुढच्या भागात!