स्वदेशी वाद्यें आणि घरचा कान

शिर्डीस येणाऱ्या यात्रेकरूंत भजनी मंडळ्यांचा वांटा मोठा असतो. रामनवमी, गुरुपौर्णिमा व विजयादशमी या उत्सवांस तर गांवोगांवच्या पालख्या पायीं चालत येतात, आणि प्रत्येकीबरोबर कांहीं ना कांहीं वाद्यें असतातच. कोणाच्या गळ्यांत मृदंग, कोणाच्या हातीं टाळ, कोणाच्या खांद्यावर वीणा, आणि मागून येणाऱ्या गाडींत पेटी. अलीकडे पेटीच्या जागीं विजेवर वाजणारा, परदेशीं तयार झालेला की-बोर्डही दिसूं लागला आहे. भजन आपलें, दैवत आपलें, भाषा आपली. मग वाद्य कोणाचें, हा प्रश्न सहजच मनांत येतो. तो दिसतो तितका सोपा नाहीं, म्हणूनच आज त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिर्डीच्या परंपरेंत या विचाराला दिशा देणारी एक गोष्ट आहे. नगर जिल्ह्यांतील अकोळनेर येथें जन्मलेले दासगणू महाराज एकदां शिर्डीस कीर्तनाला निघाले, ते अंगांत अंगरखा, त्यावर उपरणें आणि डोक्यास फेटा असा थाट करून. वाटेंत ते साईबाबांच्या दर्शनास गेले. हा नवरदेवाचा थाट कशासाठीं, असें बाबांनीं विचारलें आणि तो सारा उतरावयास सांगितला. पुढें दासगणूंनीं आयुष्यभर उघड्या अंगानें, गळ्यांत हार आणि हातीं चिपळ्या घेऊन कीर्तन केलें. हेमाडपंतांनीं साईसच्चरिताच्या पंधराव्या अध्यायांत ही हकीकत दिली आहे. तींत स्वदेशीचा उपदेश शोधणें हा अतिरेक होईल. परंतु साधन साध्यास शोभणारें असावें, बाहेरच्या दिमाखानें कीर्तनाची गोडी वाढत नाहीं, एवढा बोध तींतून निश्चित घेतां येतो. वाद्यांच्या खरेदीस आम्ही हीच कसोटी लावूं इच्छितों.

स्वदेशीचें व्रत महाराष्ट्राला नवें नाहीं. इ. स. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका जोशी खादीचा पोशाख करून गेले होते. १९०५ सालीं वंगभंगाच्या चळवळींत पुण्यास परदेशी कापडाची होळी झाली. पैसा फंडाच्या साहाय्यानें तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. कापड, साखर, कांच यांचा विचार घरोघर होत असे. वाद्य हें रोज लागणारी वस्तु नव्हे, म्हणून त्याचें नांव या यादींत सहसा येत नसे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं मात्र आपल्या गांधर्व महाविद्यालयांत गायनाच्या शिक्षणाबरोबर वाद्यें तयार करण्याचें व दुरुस्त करण्याचें कामही चालविलें. विद्या टिकवावयाची तर तिचीं साधनें घडविणारा हातही टिकला पाहिजे, हें त्या दूरदर्शी पुरुषानें ओळखलें होतें.

हा हात कसा दृष्टीआड होतो, याचें मननीय उदाहरण सांगलीस सांपडतें. तेथील कृष्णाजी बल्लाळ देवल यांस आपल्या संगीतांतील बावीस श्रुति गणितानें सिद्ध करण्याचा ध्यास होता. १९१० सालीं त्यांनीं या विषयावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि क्लेमेंट्स नांवाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या सहकार्यानें त्या श्रुति वाजविणारी हार्मोनियमही करविली. ती घडली मात्र लंडनांत. सांगलीपासून मिरज अवघी सहा मैल, आणि त्या मिरजेंत सुरांचे बारकावे केवळ कानानें पारखणारे कारागीर पिढीजात बसलेले! देवलांच्या देशाभिमानाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. पेटीचें यंत्रकाम वेगळें आणि तंबोऱ्याचें सुतारकाम वेगळें, हेंही खरें. तथापि शास्त्र आपलें, अभिमान आपला आणि हात परक्याचा, ही स्थिति विचार करावयास लावणारी आहे. अलीकडच्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी आपल्याच देशांत सिद्ध केली, हें येथें समाधानानें नमूद केलें पाहिजे.

आतां त्या मिरजेकडे वळूं. तेथील शिकलगार म्हणजे तरवारी-भाल्यांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लढाया संपल्या, शस्त्रांचें काम आटलें, आणि त्यांच्यांतील फरीदसाहेब तंबोरे व सतारी करण्याकडे वळले. मिरजेचे अधिपति पटवर्धन हे संगीताचे आश्रयदाते. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांची विद्या तेथें नांदली. विष्णु दिगंबर त्यांच्यापाशीं तेथेंच शिकले. पुढें खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनीं मिरज हेंच आपलें घर केलें. असा कारागिराच्या दारांत गवई आणि गवयाच्या दारांत कारागीर हा योग जुळून आला. अमुक तार बोलत नाहीं, अमुक सूर दबतो, असें सांगणारा जाणता कान समोर होता, म्हणून तरवारीला धार देणारा हात तारेला धार देऊं लागला. मिरजेची कीर्ति केवळ लाकडाची नव्हे. ती या दोहोंच्या सहवासाची आहे.

तंबोरा घडतो कसा, हें जाणल्याखेरीज त्याचें मोल कळत नाहीं. पंढरपुराच्या आसपास पिकणारा जाड सालीचा मोठा भोपळा आणून महिनोन्महिने वाळवावयाचा, तो कापून, पाण्यांत भिजवून त्यास घाट द्यावयाचा, त्यावर तून लाकडाची तबली व दांडी बसवावयाची, खुंट्या घासून तंतोतंत जुळवावयाच्या, मग रोगण. इतकें झाल्यावर खरें काम उरतें, तें जवारीचें. घोडीचा माथा किंचित् उतरता घासून त्यावरून तार अशी नेतात कीं ती कांपतांना घोडीस ओझरती स्पर्श करीत राहील. आणि तारेखालीं सुताचा धागा केसभर मागेंपुढें सरकवून आवाज खुलवितात. हें कोणत्याही मोजपट्टीनें होत नाहीं. तेथें कानच लागतो.

त्या कानाला काय ऐकूं येतें? षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरिलीं, तर शुद्ध गांधार ३०० कंपनांचा येतो. पेटींत व की-बोर्डांत सप्तकाचे बारा सारखे वांटे केलेले असतात, त्यामुळें तोच गांधार ३०२ च्याही वर जातो. फरक दोन कंपनांचा. परंतु वरणांत चिमूटभर मीठ अधिक पडावें, तसा तो जाणत्यास खटकतो. उलट उत्तम जवारी लागलेल्या तंबोऱ्यांत षड्जाच्या तारेंतूनच हा शुद्ध गांधार आपोआप उमटतो. गवई त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं मृदंग व तबला यांच्या शाईचें, आणि १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीचें शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केलें. शाईच्या योगें चामड्याच्या पुडींतून तारेसारखे सुसंवादी सूर निघतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. आमच्या अनाम कारागिरांनीं शतकानुशतकें जें हातानें साधिलें, त्याचा उलगडा पुढें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञास करावासा वाटला. अभिमान बाळगावयाचा तर तो अशा ठिकाणीं बाळगावा. तेथें त्याला आधार आहे.

येथें कोणी म्हणेल, मग ज्या पेटीवांचून आपलें भजन अडतें, ती तरी कोठें आपली आहे? आक्षेप रास्त आहे. हार्मोनियमचें पेटंट पॅरिसच्या दबेन यानें १८४२ सालीं घेतलें. पायानें भाता हलवावयाचें तें वाद्य मांडी घालून वाजविण्याजोगें करण्याचें श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांस देतात. पुढें तिच्या सुरांच्या पट्ट्याही सौराष्ट्रांत पालिताण्यास होऊं लागल्या. १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाहीं. तरी घराघरांतून आणि रंगभूमीवरून ती हलली नाहीं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं तिला मराठी कानाची गोडी दिली. जन्मानें परकी असलेली वस्तु येथल्या हातानें घडली, येथल्या बैठकीस जुळली आणि येथल्या गळ्यामागें उभी राहिली, म्हणजे ती आपलीच झाली. सून परगांवची म्हणून तिला कोणी परकी म्हणत नाहीं. यास्तव परदेशी वस्तूचा द्वेष करा, असें आमचें सांगणें नाहीं.

याच्या उलट, येथें झाली म्हणून प्रत्येक वस्तु आदरास पात्र होते, असेंही नाहीं. कांशाचा टाळ म्हणजे तांबें आणि कथील यांचा मिलाफ; त्याचा नाद किती तरी वेळ घुमत राहतो. तेथें हलक्या पितळेचा टाळ विकला, तर तो स्वदेशी असला तरी फसवणूकच. अनेक देवळांत आतां विजेवर चालणारें नगारा-घंटेचें यंत्र बसलें आहे. तें देशांतच बनत असेल. परंतु त्यानें आरतीच्या वेळीं घंटा धरणारा मुलगा आणि नगारा वाजविणारा गुरव या दोघांसही रिकामें केलें. बंगळूरच्या राज नारायण यांनीं बनविलेला विजेचा तंबोरा मात्र निराळा: एकट्या विद्यार्थ्यास रियाजाला तो उपयोगी पडतो, प्रवासांत सोयीचा होतो, आणि तंबोरा घरीं असूं नये असें तो कोणास सांगत नाहीं. तात्पर्य, वस्तूवरील शिक्का पाहून भागत नाहीं. तिच्यामुळें आपल्यांतील कोणाचा हात आणि कोणाचा कान जगतो, हें पाहावें लागतें.

आज हाच प्रश्न निकडीचा आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्या नांवाला कायद्याचें संरक्षण लाभलें. परंतु तरुण पिढी या कामापासून दूर जात असल्याची खंत तेथील कारागिरांनीं वेळोवेळीं बोलून दाखविली आहे. कायदा नांव राखील. जवारी लावणारा हात राखणें कायद्यास शक्य नाहीं. तें काम गिऱ्हाइकाचें आहे, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपण.

घरांतील मुलाला संगीत शिकवावयाचें ठरलें, कीं बहुतेक ठिकाणीं प्रथम की-बोर्ड येतो. तो स्वस्त पडतो, लगेच वाजतो, दिवे लागतात. मुलगाही खूष होतो. दोन वर्षांनीं तो माळ्यावर जातो. चांगल्या तंबोऱ्यास हजारांनीं रुपये पडतात, हें खरें. पण घरांतील मोबाइल किती वेळां बदलले, त्याचा हिशेब एकदां मांडून पाहावा. एकत्र कुटुंबांत तर तंबोरा आजोबांच्या भजनास, सुनेच्या रियाजास आणि नातवाच्या पहिल्या षड्जास पुरतो. पिढ्या वापरावयाची वस्तु एकाच्या खिशावर पडूं नये. ती घराची म्हणून घ्यावी.

घेतांना कांहीं गोष्टी पाळाव्या. शक्य तर घडविणाऱ्याकडूनच घ्यावी, आणि जाणत्या माणसास बरोबर न्यावें. भोपळ्यास चीर नाहीं ना, दांडी वांकली नाहीं ना, खुंटी फिरविल्यावर जेथल्या तेथें थांबते ना, हें पाहावें. आधीं मागणी नोंदवून वाट पाहण्याची तयारी ठेवावी; घाईनें केलेल्या वाद्यांत लाकूड पुरें वाळलेलें नसतें. किंमतींत अवाजवी घासाघीस करूं नये, पण दोष दिसल्यास स्पष्ट सांगावा; जाणत्याच्या तक्रारीनेंच कारागीर वाढतो. आणि वाद्य घरीं आल्यावर वेळोवेळीं जवारी लावून घ्यावी. नव्या खरेदीपेक्षांही या लहान कामांवर कारागिराचें घर चालतें.

खंडेनवमीस आपण शस्त्रें आणि हत्यारें पुजतों; कित्येक घरीं वाद्येंही पूजेस मांडतात. दुसऱ्याच दिवशीं विजयादशमी, शिर्डीच्या पुण्यतिथि-उत्सवाचा मुख्य दिवस. येत्या खंडेनवमीस पूजेंत घरचा एखादा तंबोरा, मृदंग वा कांशाच्या टाळांची जोडी असावी, आणि तीं वाद्यें घडविणाऱ्याचें नांवगांव घरांतील लहान मुलांसही सांगतां यावें, एवढी आमची वाचकांस विनंति आहे.