‘ऐसपैस आहे, अजून दहाजण मावतील’

वडोदऱ्यातल्या हरणीच्या मोटनाथ तलावात 18 जानेवारी 2024 रोजी बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिकांचा जीव गेला. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत बोटीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : “कॅटमरान असेल तर भ्यायचं कारण नाही, ती उलटत नाही.” मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जाताना लाँच सोडून कॅटमरानचं तिकीट काढणारेही हेच सांगतात. त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्य जास्त घातक : “एवढी ऐसपैस आहे, अजून दहाजण सहज मावतील.”

मावतील हो, पण पाण्याने त्यांना उचलायला नको? कॅटमरान म्हणजे दोन सडपातळ हल (पाण्यात बसणारी बोटीची अंगं) आणि त्यांवर टाकलेला रुंद डेक. दोन हलांच्या मधल्या डेकखाली नुसती हवा असते. तिथली जागा बसायला कामाची, तरंगायला नाही.

आकडेच मांडू. 12 मीटर लांब, 4 मीटर रुंद अशी साधी बोट घ्या. टोकं निमुळती धरली तर पाण्याच्या पातळीवर तिचं क्षेत्रफळ सुमारे 36 चौरस मीटर भरतं. तेवढ्याच लांबीच्या कॅटमरानचे दोन्ही हल एकेक मीटर रुंद असतील, तर 18. तलावाच्या गोड्या पाण्यात साधी बोट एक सेंटिमीटर खाली बसायला 360 किलो लागतात, कॅटमरानला 180 पुरतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2008 च्या स्थैर्यसंहितेत प्रवाशाचं वजन 75 किलो धरलं आहे. म्हणजे 20 जणांचे 1500 किलो : साधी बोट चार सेंटिमीटर बसते, कॅटमरान आठाच्या वर. आणि नेमकी तीच बाहेरून रिकामी दिसते! भार वाढत गेला की डेकचा तळ लाटांवर आपटू लागतो, वेग पडतो, डिझेल जास्त जळतं.

आता उलटण्याबद्दल. सगळे प्रवासी फोटो काढायला एका कडेला धावले तरी कॅटमरान फारशी कलत नाही, हे खरं. पण एक हल पाण्याबाहेर निघाला की तिला सरळ करणारा जोर कमी होत जातो, आणि पुरती पालथी झाली तर ती पालथीच स्थिर राहते. साधी बोट निदान आधीपासून कलून इशारा देते. मोठ्या प्रवासी कॅटमरान क्वचितच उलटतात, पण त्या ठरलेल्या भारात चालवल्या तर. हरणीच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. तिला हल एक होता की दोन, हा वाद घालणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

बाकीचे समज थोडक्यात.

‘टनेज म्हणजे वजन.’ नाही. ग्रॉस टनेज हे बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे, 1969 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार काढलेलं. वजन म्हणजे डिस्प्लेसमेंट. खंबायतच्या आखातापलीकडे भावनगरला बांधलेल्या नौदलाच्या ‘आयएनएस मकर’ या सर्वेक्षण कॅटमरानचे 500 टन, ते डिस्प्लेसमेंट.

‘कॅटमरान वेगवानच असते.’ सडपातळ हल लाटा कमी उठवतात, म्हणून वेगात फायदा. संथ चालीत मात्र दोन हलांचा ओला पृष्ठभाग जास्त, म्हणून घर्षणही जास्त. कोची वॉटर मेट्रोच्या 100 प्रवाशांच्या बॅटरीवरच्या बोटी कॅटमरानच आहेत, पण त्या निवांतच चालतात.

‘जाहिरातीतला वेग रोज मिळतो.’ ऑस्ट्रेलियात बांधलेल्या 99 मीटरच्या ‘फ्रान्सिस्को’ने 2013 च्या चाचणीत 58 नॉट गाठले, तेही रिकामी असताना.

चढण्याआधी प्रवासीसंख्येची पाटी वाचा. पाटी नसेल, लाइफ जॅकेट पुरी नसतील, किंवा माणसं मोजायची सोडून कुणी “जरा सरका” म्हणत असेल, तर पैसे गेले तरी चालतील, उतरा.