नॅसकार शर्यतींचा दुरावलेला चाहता : स्वरूप आणि कारणे

प्रस्तावना

मोटार शर्यत म्हटले की मराठी वाचकासमोर प्रामुख्याने फॉर्म्युला वनचे चित्र उभे राहते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया, टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांतील लोकांनी मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ आपला रविवार एका वेगळ्याच प्रकारच्या शर्यतींसाठी राखून ठेवला. त्या म्हणजे स्टॉक कार शर्यती. 'स्टॉक' म्हणजे विक्रेत्याच्या दुकानात असलेला माल. शर्यतीसाठी खास घडवलेली नव्हे, तर कोणालाही दुकानातून विकत घेता येईल अशी मोटार, बहुधा अंडाकृती असलेला ट्रॅक आणि सतत डावीकडे वळत घातलेल्या शेकडो फेऱ्या, असे या शर्यतींचे मूळ रूप होते. त्यांचे नियमन करणारी संघटना 'नॅसकार' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

'डेटोना ५००' ही नॅसकारची सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत. २००६ मध्ये ती दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांची सरासरी संख्या १ कोटी ९० लाखांहून अधिक होती. २०२५ मध्ये ती ६७ लाखांच्या आसपास आली. टेनेसीतील ब्रिस्टलच्या ट्रॅकवर १९८२ पासून सलग ५५ शर्यतींची सर्व तिकिटे विकली गेली होती. ही मालिका मार्च २०१० मध्ये खंडित झाली. डेटोनाच्या ट्रॅकचे सुमारे ४० कोटी डॉलर खर्चाचे नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा मागील बाजूच्या सरळ मार्गालगतचे प्रेक्षक सज्जे काढून टाकण्यात आले होते. नूतनीकरणानंतर आसने वाढण्याऐवजी घटावीत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दूरचित्रवाणीचा प्रेक्षक सर्वच कार्यक्रमांच्या बाबतीत विखुरला आहे, हे खरे. परंतु नॅसकारपासून केवळ नवा प्रेक्षक दूर राहिला नाही. वीस-तीस वर्षे निष्ठेने शर्यती पाहणारा जाणकार चाहताही उठून गेला. तो का गेला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हातभट्टीपासून दूरचित्रवाणीपर्यंत

या खेळाची पाळेमुळे अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातील हातभट्टीच्या दारूच्या वाहतुकीत आहेत. पोलिसांना चकवण्यासाठी तरुण मुले साध्या दिसणाऱ्या मोटारींची यंत्रे अधिक शक्तिशाली करून घेत आणि रात्री वळणांच्या रस्त्यांवर भरधाव हाकत. डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्स यांनी डेटोना बीच येथील एका हॉटेलात बैठक बोलावली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची रीतसर नोंदणी झाली. दुकानातील मोटारींची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. तीत ग्लेन डनवे पहिला आला. पण त्याच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगांमध्ये दारूच्या वाहतुकीसाठी करतात तसा बदल आढळल्याने त्याला बाद करून जिम रोपर याला विजयी घोषित करण्यात आले. पुढे विख्यात झालेला चालक ज्युनिअर जॉन्सन हातभट्टीच्या प्रकरणात १९५६ मध्ये दोषी ठरला होता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ मध्ये त्याला माफी दिली. अशा माणसांत आणि सज्ज्यातील प्रेक्षकांत सामाजिक अंतर जवळजवळ नव्हते. चाहत्याच्या निष्ठेचा हा पहिला पाया होय.

१९७१ पासून सिगारेटच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर बंदी आली आणि नॉर्थ कॅरोलिनातील एका तंबाखू कंपनीने आपला पैसा या शर्यतींकडे वळवला. 'विन्स्टन चषक' हे नाव तेव्हापासूनचे. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी डेटोना ५०० चे पहिल्यांदाच आरंभापासून अखेरपर्यंत थेट प्रक्षेपण झाले. योगायोगाने त्या दिवशी हिमवादळामुळे ईशान्येकडील लोक घरात अडकले होते. अखेरच्या फेरीत आघाडीवरील केल यारबरो आणि डॉनी अ‍ॅलिसन एकमेकांवर आदळले, रिचर्ड पेटी जिंकला आणि पराभूतांची ट्रॅकशेजारच्या गवतावर जुंपलेली हाणामारी साऱ्या देशाने पाहिली. प्रादेशिक खेळ राष्ट्रीय होण्याची ती सुरुवात मानली जाते.

स्थळ आणि तिथी

राष्ट्रीय होण्याची किंमत प्रथम लहान गावांनी मोजली. नॉर्थ कॅरोलिनातील नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक नॅसकारहूनही जुना, १९४७ चा. मोठ्या ट्रॅकच्या मालकांनी तो विकत घेतला, तेथील दोन शर्यती टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला नेल्या आणि सप्टेंबर १९९६ नंतर तो ओस पडला. रॉकिंगहॅमची अखेरची चषक शर्यत फेब्रुवारी २००४ मध्ये झाली.

सर्वांत खोल जखम डार्लिंग्टनची आहे. साउथ कॅरोलिनातील या ट्रॅकवर 'सदर्न ५००' ही शर्यत १९५० पासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाच्या सुट्टीत भरत असे. गावच्या जत्रेची तिथी जशी कोणी विचारत नाही, ती ठाऊकच असते, तशी ही तिथी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ठाऊक होती. २००४ मध्ये ती काढून कॅलिफोर्नियातील फोंटाना येथील ट्रॅकला दिली गेली आणि २००५ पासून काही वर्षे 'सदर्न ५००' हे नावही वेळापत्रकातून नाहीसे झाले. लॉस एंजलिसच्या परिसरातील प्रचंड लोकसंख्या ही फोंटानाची जमेची बाजू मानली गेली होती. मात्र तेथील सज्जे भरले नाहीत. २०११ पासून दोनपैकी एक शर्यत कमी झाली आणि २०२३ च्या शर्यतीनंतर तो ट्रॅकच बंद करण्यात आला. नव्या प्रेक्षकाच्या अपेक्षेने जुन्याची तिथी मोडली. नवा आला नाही आणि जुन्याची सवय तुटली. अशी तुटलेली सवय पूर्ववत करणे कोणत्याही व्यवस्थापनाला कठीण असते.

लोकप्रियता मोजण्याच्या साधनांविषयी येथे एक लहानशी नोंद करण्यासारखी आहे. २०१० मध्ये भारताचा नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेतील काही शर्यतींत उतरला आणि चाहत्यांच्या मतदानातून त्या वर्षीचा त्या मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक ठरला. हा सन्मान सुखद खरा. पण मत देणारा आणि दरवर्षी तिकीट काढून सज्ज्यात बसणारा, हे दोघे एकच असतात असे नाही.

हंगामाचा हिशेब

जुन्या चाहत्याची मुख्य तक्रार विजेता ठरविण्याच्या पद्धतीविषयी आहे आणि ती सर्वाधिक विचारात घेण्याजोगी आहे. १९७५ ते २००३ या काळात पद्धत साधी होती. प्रत्येक शर्यतीत पहिल्या क्रमांकाला १७५ गुण, दुसऱ्याला १७०, पुढे उतरत्या क्रमाने. एखादी फेरी आघाडीवर राहिल्यास ५ गुण आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिल्यास आणखी ५. फेब्रुवारीतील शर्यतीचे मोल नोव्हेंबरमधील शर्यतीइतकेच. विजेता म्हणजे वर्षभर टिकलेला माणूस.

या पद्धतीत नाट्य नव्हते, हा आक्षेप १९९२ च्या हंगामाकडे पाहता टिकत नाही. अ‍ॅटलांटा येथील अखेरच्या शर्यतीला सहा चालकांना विजेतेपदाची संधी होती. शर्यत बिल एलियटने जिंकली. परंतु अ‍ॅलन कुलविकी १०३ फेऱ्या आघाडीवर होता आणि एलियट १०२. त्या एका फेरीच्या अधिक गुणांमुळे कुलविकी १० गुणांच्या फरकाने विजेता झाला. तो विस्कॉन्सिन या उत्तरेकडील राज्यातला आणि स्वतःच्या लहान संघाचा मालक होता. दक्षिणेच्या चाहत्यांनी त्याला आपला मानला. चाहत्याचा विरोध केवळ परक्याला असतो, ही समजूतही येथे अपुरी ठरते.

२००३ मध्ये मॅट केन्सेथने अवघी एक शर्यत जिंकून विजेतेपद मिळवले, तर आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा आला. २००४ पासून 'चेस' ही पद्धत आली. पहिल्या २६ शर्यतींनंतर आघाडीच्या चालकांचे गुण जवळजवळ समान करून अखेरच्या दहा शर्यतींत निकाल लावायचा, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाशी त्याच काळात स्पर्धा करावी लागते, म्हणून शरद ऋतूत उत्कंठा निर्माण करणे, हा हेतू होता. २०१४ मध्ये बाद फेऱ्यांची पद्धत आली आणि चार चालकांतील एकाच शर्यतीवर विजेतेपद ठरू लागले. त्याच वर्षी न्यूमन एकही शर्यत न जिंकता दुसरा आला. २०१५ मध्ये दुखापतीमुळे पहिल्या अकरा शर्यतींना मुकलेला कायल बुश विजेता झाला. २०२४ मध्ये बाद झालेला जोई लोगानो दुसऱ्या चालकाची मोटार वजनात कमी भरल्याने परत आला आणि विजेता ठरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिनिक्स येथे सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिलेल्या डेनी हॅमलिनचे विजेतेपद अखेरच्या क्षणी दुसऱ्याच्या फुटलेल्या टायरमुळे हुकले; त्या शर्यतीत एकही फेरी आघाडीवर नसलेला कायल लार्सन विजेता झाला.

यातील कोणत्याही चालकाने लबाडी केली नाही. प्रश्न चाहत्याच्या बाजूने पाहण्याचा आहे. जो माणूस फेब्रुवारीपासून गुणांचा हिशेब मनात ठेवत आला, त्याला सप्टेंबरमध्ये तो हिशेब पुसला गेल्याचे सांगितले जाते. मग वर्षभर पाहण्याचे प्रयोजन काय? केवळ अखेरची शर्यत पाहणाऱ्याला आणि छत्तीस शर्यती पाहणाऱ्याला एकाच पातळीवर आणणारी ही रचना जाणकारीचे मोल शून्य करते. शिवाय नियम इतक्या वेळा बदलले की ते समजावून सांगणे हाच प्रक्षेपणाचा एक भाग होऊन बसला.

मोटार आणि ट्रॅक

रविवारी शर्यत जिंकली की सोमवारी दुकानात मोटारी खपतात, असा या व्यवसायातील जुना समज. घरात फोर्ड असलेला माणूस ट्रॅकवर फोर्डच्याच बाजूचा असे. २००७ मध्ये आलेल्या 'कार ऑफ टुमॉरो'ने सर्व कंपन्यांच्या मोटारींचा सांगाडा आणि आकार जवळजवळ एक केला. तिच्या ब्रिस्टल येथील पहिल्या शर्यतीत जिंकलेल्या बुशनेच तिच्याविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. त्याच वर्षी टोयोटाचा प्रवेश झाला आणि परदेशी मोटार म्हणून चाहते रागावले. वास्तविक टोयोटाची कॅमरी केंटकीत बनत होती आणि फोर्डची फ्युजन मेक्सिकोत; पण निष्ठा कारखान्याचा पत्ता पाहून ठरत नाही.

ब्रिस्टलचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. तेथे वेगवान मार्गिका एकच असल्याने पुढे जाण्यासाठी समोरच्या मोटारीला ढुशी द्यावी लागे. २००७ मध्ये पृष्ठभागाची पुनर्रचना झाली आणि दोन-तीन मोटारी शेजारी शेजारी धावू लागल्या. तांत्रिक दृष्ट्या शर्यत सुधारली. प्रेक्षक मात्र घटले. अखेर २०१२ मध्ये मालकाने वरचा भाग घासून ट्रॅक पुन्हा चिंचोळा करण्याचा प्रयत्न केला.

तक्रारींच्या मर्यादा

चाहत्याचे सारेच म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. मे २००० ते फेब्रुवारी २००१ या काळात अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर आणि डेल अर्नहार्ट हे चार चालक ट्रॅकवर मरण पावले. त्यानंतर मान व डोके स्थिर ठेवणारे साधन सक्तीचे झाले, आघात शोषणाऱ्या भिंती आल्या, सुरक्षित मोटार आली. आणि अर्नहार्टनंतर तिन्ही राष्ट्रीय मालिकांत एकही चालक शर्यतीत दगावलेला नाही. यापुढे मोटारीच्या कुरूपतेची तक्रार फिकी पडते.

दक्षिणेतील बंडखोर राज्यांच्या ध्वजावर जून २०२० मध्ये आलेल्या बंदीला काहीजण दुराव्याचे कारण मानतात. कालक्रम मात्र त्याविरुद्ध आहे. ओहोटी त्याआधी दशकभर सुरू झाली होती. शिवाय ज्या जुन्या काळाची आठवण काढली जाते, तो सर्वांचा नव्हता. १९६३ मध्ये जॅक्सनव्हिल येथे वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक जिंकला, तेव्हा चषक दुसऱ्याच्या हाती देण्यात आला. स्कॉटच्या कुटुंबाला तो सन्मान समारंभपूर्वक मिळण्यास २०२१ साल उजाडले. २००८ च्या मंदीने लांबचा प्रवास करून येणाऱ्या कष्टकरी प्रेक्षकाला फटका बसला, हे निश्चित. परंतु मंदी ओसरल्यावरही तो परतला नाही, म्हणून तेवढ्याने उलगडा होत नाही.

तक्रारींमागे एक सल आहे: आपण या खेळाच्या चालकांना आता शोभत नाही, ही भावना. ती निव्वळ कल्पना नसावी. दोन संघांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली नॅसकारवर भरलेला खटला डिसेंबर २०२५ मध्ये तडजोडीने मिटला. त्यात उघड झालेल्या एका अंतर्गत संदेशात वरिष्ठ अधिकाऱ्याने अर्नहार्टच्या संघाचे मालक रिचर्ड चिल्ड्रेस यांना दक्षिणेतील ग्रामीण गोऱ्यांसाठी वापरली जाणारी शिवी दिलेली आढळली. जानेवारी २०२६ मध्ये त्या अधिकाऱ्याने पद सोडत असल्याचे जाहीर केले.

परतीची वाट

सदर्न ५०० ही शर्यत २०१५ मध्ये कामगार दिनाच्या सुट्टीत परत आली. नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकवर रान माजले होते. २०१९ च्या अखेरीस संगणकीय खेळासाठी त्याची प्रतिकृती बनवण्याच्या निमित्ताने डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांच्या पुढाकाराने ते साफ झाले आणि मे २०२३ मध्ये तेथे पुन्हा चषक मालिकेतील मोटारी धावल्या. रॉकिंगहॅमला २०२५ मध्ये दुय्यम मालिकांच्या शर्यती मिळाल्या. ज्या गावांना वगळण्यात आले होते, तेथेच सज्जे भरण्याची खात्री वाटू लागली.

गुणपद्धतीबाबत मार्क मार्टिन यांच्यासारखे माजी चालक संपूर्ण ३६ शर्यतींच्या हिशेबाचा आग्रह धरत होते. जानेवारी २०२६ मध्ये संघटनेने बाद फेऱ्या आणि एका शर्यतीचा अंतिम निकाल रद्द केला; तथापि पूर्ण हंगामाचा हिशेब न स्वीकारता अखेरच्या दहा शर्यतींची 'चेस' पद्धत सुधारित स्वरूपात परत आणली. २००४ मध्ये ज्या पद्धतीवर जुने चाहते रुष्ट झाले होते, तिचेच पुनरागमन बावीस वर्षांनी त्यांना जवळ आणण्यासाठी योजिले गेले आहे.